आगीला दार न उघडणारं गाव

कल्पना करा, साल १८९३ आहे आणि तुम्ही एका जपानी गावातले पिढीजात व्यापारी आहात. मार्च महिना. हवा कोरडी, वारा सुटलेला. कुठूनतरी आग लागते, आणि ती विझेपर्यंत गावातली १,३०२ घरं गेलेली असतात. गावाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! तुमचं दुकान गेलं, समोरच्याचं गेलं, गावाला वेळ सांगणाऱ्या घंटेचा मनोराही गेला. सुदैवानं पेढीची पत शाबूत आहे, गाठीला पैसा आहे. देशात आगगाड्या धावू लागल्यात, तारायंत्रं आलीत, टोकियोच्या गिंझा भागात विटांची पाश्चात्त्य घडणीची घरं उभी राहून बरीच वर्षं झालीत. आता सांगा, नवं दुकान कशाचं बांधाल?

कावागोए गावच्या व्यापाऱ्यांनी ते मातीचं बांधलं. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर वीतभर जाडीचा मातीचा लेप. त्यातली तीस-चाळीस घरं सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आजही त्याच रस्त्यावर उभी आहेत आणि त्यांच्यात अजून दुकानं चालतात. टोकियोच्या मध्यभागापासून वायव्येला सुमारे तीस किलोमीटरवर हे गाव आहे. आगगाडीतून उतरायचं, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मग रस्ता जरा वळतो आणि दोन्ही बाजूंना काळी घरं सुरू होतात.

पहिल्यांदा जाणवतं ते वजन. जपानी घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कागदी सरकती दारं, सडपातळ लाकडी खांब, हलकंफुलकं सगळं. इथे तसं काहीच नाही. भिंती काळ्याभोर आणि जाड. वरच्या मजल्यावर दोनच खिडक्या, पण त्यांची दारं इतकी भक्कम की ती हलत असतील यावर विश्वास बसत नाही. आणि छप्पर! घराच्या उंचीच्या मानानं ते केवढं तरी मोठं, आढ्यावर पुन्हा आणखी एक उंच बांधणी आणि तिच्या दोन्ही टोकांना डोळे वटारलेली प्रचंड कौलं. जपानमध्ये या गावाला ‘छोटं एदो’ म्हणतात. एदो म्हणजे टोकियोचं जुनं नाव, शोगुनांची, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशांची, राजधानी. तेव्हा इथे येणाऱ्याला वाटतं, आपण शोगुनांच्या काळात शिरलो.

पण थांबा. एदोचं टोकियो झालं १८६८ साली. ही घरं त्यानंतर पंचवीस वर्षांनी बांधलेली आहेत! ज्या व्यापाऱ्यांनी ती बांधली त्यांना विटा ठाऊक होत्या, काच ठाऊक होती. तरीही त्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पद्धत निवडली. का? परंपरेचा अभिमान म्हणून? मला उत्तर फार सुंदर वाटतं, कारण त्यात अभिमानापेक्षा निरीक्षण जास्त आहे. जळालेल्या गावात चालत जाऊन त्यांनी पाहिलं होतं, उभं काय राहिलंय ते.

उभं राहिलं होतं ते ओसावा यांचं घर. ते आजही आहे, याच रस्त्यावर. १७९२ साली एका कापडव्यापाऱ्यानं ते बांधलं. म्हणजे आग लागली तेव्हा ते शंभर वर्षांचं होतं. त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या जरूर बघा. खिडक्यांना उभे गज आहेत आणि ते गजही एकेक करून मातीनं लिंपून जाड केलेले आहेत. आतलं लाकूड ज्वाळेला कुठेही दिसता कामा नये, एवढा एकच विचार करून कुणीतरी ते घर घडवलं होतं. आजूबाजूला राखेचे ढीग आणि मध्ये हे म्हातारं घर जसंच्या तसं. अशी मातीची मोजकी बांधकामं सोडली तर परिसरातलं फारसं काही वाचलं नव्हतं. एवढा मोठा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत करता आला असता? सगळ्या गावाला तो नाइलाजानं करावा लागला होता आणि निकाल डोळ्यांसमोर उभा होता.

तसं पाहिलं तर जपानमध्ये मातीचं कोठार ही जुनीच गोष्ट. माणसं राहायची लाकडी घरात आणि मौल्यवान माल ठेवायचा मागच्या मातीच्या कोठारात, असा रिवाज शतकानुशतकांचा. घर जळालं तर जळालं, कोठार वाचलं की व्यापार पुन्हा उभा राहतो. पुढे या कोठारालाच रस्त्यावर आणून त्यात दुकान थाटायची कल्पना एदोत रुजली, आणि तीही आगीमुळेच. १६५७च्या आगीत एदोचा बहुतेक भाग जळाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. त्यानंतर सरकारनं कौलांवर बंदी आणली! आज हे उफराटं वाटतं, पण त्या काळची कौलं दोन पदरी आणि फार जड होती. आगीत छप्पर कोसळलं की ती माणसांच्या डोक्यात पडत.

मग १६७४च्या सुमारास ओत्सू गावच्या एका कौलं घडवणाऱ्यानं सपाट कौल आणि त्यावरचं गोल कौल यांचं एकच नागमोडी कौल केलं. वजन एकदम उतरलं, साध्या व्यापाऱ्याच्या घरालाही ते पेलवू लागलं. १७२० साली शोगुन योशिमुनेच्या राजवटीत एदोच्या लोकांना कौलारू छप्पर आणि मातीच्या भिंती वापरायला मोकळीक मिळाली, उत्तेजनही मिळालं. आणि १८८१ साली, एदोचं टोकियो झाल्यानंतर, नवा हुकूम आला: मुख्य रस्त्यांवरची घरं वीट, दगड किंवा कोठारासारखी माती यांचीच हवीत. टोकियोच्या निहोनबाशी भागातले मोठमोठे व्यापारी मातीकडे वळले आणि तिथे काळ्या दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. कावागोएच्या आगीनंतर तिथला एक तंबाखूचा व्यापारी टोकियोला गेला, तिथली दुकानं स्वतः पाहून आला आणि परत येऊन त्यानं आपलं दुकान बांधलं. इतरांनीही तोच रस्ता धरला.

आता ही भिंत होते कशी ते बघू, कारण खरी जादू तिथे आहे. मुळात ही कुडाची भिंत. लाकडी खांबांच्या मध्ये बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या लावून पेंढ्याच्या दोरीनं घट्ट बांधायच्या. मग माती. पण शेतातून आणली आणि थापली असं चालत नाही. चिकणमातीत भाताच्या पेंढ्याचे तुकडे आणि पाणी घालून ती महिनोन्महिने मुरवायची. पेंढा कुजतो, त्यातून चिकट द्रव सुटतो आणि मातीला लवचीक घट्टपणा येतो. हा चिखल कामट्यांवर थापायचा. तो वाळला की आक्रसतो, भेगा पडतात. पडू द्यायच्या! भेगा पडून गेल्यावर त्यांच्यावर पुढचा थर. थर भिंतीला धरून राहावेत म्हणून आतून पेंढ्याच्या दोऱ्या लोंबत्या सोडलेल्या असतात, त्या प्रत्येक नव्या थरात दाबून बसवायच्या. पुन्हा वाळवण, पुन्हा थर. शेवटी भिंत वीस-तीस सेंटिमीटर जाडीची होते. घाई केली तर आतला ओलावा अडकतो आणि भिंत पुढे फुगून सुटते. रीतसर कोठार पुरं व्हायला दोन-तीन वर्षं लागत. राखेत बसलेल्या माणसाला एवढा धीर कुठून आला असेल?

हा चिखल आगीला अडवतो कसा? लाकूड साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसला पेट घेतं. शेजारी घर जळत असेल तर तिथलं तापमान हजाराच्या घरात जाऊ शकतं. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हजार अंश आणि आतल्या खांबाला अडीचशेच्या खाली ठेवायचं, तेही तासन्‌तास. माती हे दोन युक्त्यांनी करते. पहिली युक्ती: ती उष्णता फार हळू आत जाऊ देते. मुरलेल्या पेंढ्यानं तिच्यात असंख्य बारीक पोकळ्या करून ठेवलेल्या असतात, त्यांतली हवा उष्णतेची वाट आणखी रोखते. दुसरी युक्ती त्याहून भारी. वाळलेल्या मातीतही थोडं पाणी उरलेलं असतंच. भिंत तापू लागली की ते पाणी उकळून वाफ होऊ लागतं, आणि ते सगळं संपेपर्यंत त्या थराचं तापमान शंभराच्या आसपासच रेंगाळतं. एक थर कोरडा झाला की उष्णता पुढच्या थराशी, तिथे पुन्हा तोच झगडा. आणि लाकूड आगीत राख होतं, तशी माती होत नाही. ती भाजते. आगीनं जे जाळायचं तेच तिच्या तडाख्यात अधिक पक्कं होतं!

पण नुसत्या भिंतीनं काम भागत नाही. गावभर पसरणारी आग ठिणग्यांवर स्वार होऊन येते, वाऱ्याबरोबर उडते आणि फट शोधते. तिची सगळ्यात आवडती जागा कुठली? वळचण. छपराखालचा तो अंधारा कोपरा, जिथे वासे उघडे असतात आणि गरम हवा वर जाऊन अडकते. म्हणून कावागोएच्या घरांच्या वळचणीकडे मान वर करून बघा. वाशांचं एकही टोक दिसत नाही. सगळी वळचण मातीनं आणि चुन्यानं मढवलेली, तिला पायऱ्यापायऱ्यांचे जाडजूड गोल पट्टे दिलेले. नक्षी म्हणून ते देखणे आहेतच, पण मुळात ती चिलखताची कड आहे.

उरली दारं आणि खिडक्या. घरात माणसं राहायची तर उजेड हवा, म्हणजे भोकं ठेवायलाच हवीत. आणि इथे कावागोएच्या गवंड्यांनी केलेलं काम पाहून मी अक्षरशः रस्त्यात उभा राहिलो. वरच्या खिडकीला दोन झडपा असतात, बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या. प्रत्येक झडप म्हणजे लाकडी सांगाड्यावर लिंपलेली वीतभर जाडीची माती. तिची कड सरळ नाही. तिला तीन-चार पायऱ्या आहेत, एकीपेक्षा एक आत गेलेली. खिडकीच्या चौकटीला नेमक्या तशाच पायऱ्या उलट्या बाजूनं. दुसऱ्या झडपेलाही तशाच. पितळी डब्याचं झाकण डब्याच्या काठावर घट्ट बसतं ना, तशा या झडपा चौकटीत बसतात, फक्त इथे एकाऐवजी तीन-चार काठ आहेत. ज्वाळेला आत शिरायचं तर तिला प्रत्येक पायरीशी काटकोनात वळावं लागेल, आणि प्रत्येक वळणावर ती गार होत जाईल. उघडलेल्या झडपेच्या कडेवर या पायऱ्या रस्त्यावरूनही दिसतात. हे सगळं हातानं, थापीनं, ओल्या मातीत. वाळताना आक्रसणार किती याचा अंदाज आधीच धरून!

एवढं करूनही केसाएवढी फट राहतेच. मग? आगीची घंटा ऐकू आली की झडपा ओढून घ्यायच्या आणि सांधे ओल्या मातीनं लिंपून बंद करायचे. त्यासाठी माती भिजवून तयार ठेवायची पद्धत होती. आणि ती हाताशी नसली तर, असं सांगतात, स्वयंपाकघरातला मिसो वापरत. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट, ओलसर, खारट लगदा, ज्याचं जपानी लोक रोज सार करतात. विचार केला तर किती योग्य आहे: फटीत बसतो, ओला असतो, आणि प्रत्येक घरात मडकंभर असतोच.

आता सगळ्यात थरारक भाग. आग विझली, आजूबाजूचं सगळं जळून गेलं, तुमचं कोठार मात्र धुरकटून उभं आहे. तुम्ही काय कराल? धावत जाऊन दार उघडाल, माल वाचला का बघाल. आणि तिथेच सर्वनाश होईल! बंद कोठारातली हवा भट्टीसारखी तापलेली असते, आतलं सामान पेटायच्या बेतात आलेलं असतं. पेटत नाही ते फक्त प्राणवायू संपलाय म्हणून. दार उघडताच ताजी हवा आत घुसते आणि सगळं एका क्षणात भडकतं. आजचे अग्निशामक जवान या प्रकाराला फार घाबरतात. जुन्या व्यापाऱ्यांना प्राणवायूचं शास्त्र शिकवलं नव्हतं कुणी, पण नियम त्यांना पक्का ठाऊक होता: आग विझल्यावर कोठाराला कित्येक दिवस हात लावायचा नाही. भिंतीवर तळवा ठेवायचा, आणि ती पूर्ण थंड लागली तरच दार उघडायचं. सर्वस्व आत आहे, ते वाचलं की नाही हे कळत नाही, आणि दारापाशी थांबून राहायचं. मला वाटतं, या घरांच्या बांधणीत माती, लाकूड, चुना यांच्याइतकाच हा संयम धरलेला होता.

मातीवरचा शेवटचा हात चुन्याचा. पण हा चुना वेगळा: विरवलेल्या चुन्यात समुद्री शेवाळ उकळून काढलेला डिंक आणि तागासारखे बारीक तंतू मिसळतात. शेवाळाचा डिंक पाणी धरून ठेवतो, म्हणून गिलावा हळू वाळतो आणि तडकत नाही; तंतू त्याला आतून बांधून ठेवतात. आणि मग तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो, वर्षानुवर्षं, आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. डोंगरातून दगड काढला, भाजून चुना केला, भिंतीवर लावला, आणि भिंतीवर त्याचा पुन्हा दगड झाला!

तो काळा दिसतो कारण त्यात काजळी मिसळलेली आहे. पांढरा गिलावा सोपा आणि स्वस्त. काळ्याला मेहनत फार. एकसारखा रंग आणि तकाकी यायला तो पुन्हा पुन्हा घासावा लागतो. मग काळाच का? कारण एदोत काळा रंग म्हणजे ऐट. आगीशी त्याचा काही संबंध नाही. आढ्यावरच्या त्या उंच बांधणीचाही नाही, आणि राक्षसमुखी कौलांचाही नाही. एकानं छप्पर उंच केलं म्हणून शेजाऱ्यानं आणखी उंच केलं. आगीत सगळं गमावलेल्या माणसांना पुन्हा एकमेकांशी चुरस करावीशी वाटली, ही मला या रस्त्यावरची फार आनंदाची गोष्ट वाटते.

एवढा पैसा आला कुठून? नदीतून. १६३८ साली, म्हणजे आपल्या आगीच्या अडीचशे वर्षं आधी, कावागोए असंच एकदा जळालं होतं. पुढच्या वर्षी मात्सुदायरा नोबुत्सुना नावाचा हुशार सरदार इथला अधिपती झाला. त्यानं गावाचे रस्ते आखले, व्यापारी पेठा वसवल्या आणि शिनगाशी नदीतून एदोपर्यंत नावांची वाहतूक सुरू करून दिली. नदी वळणावळणाची होती, म्हणून पाणी टिकून राही आणि सपाट बुडाच्या नावा चालत. भात, रताळी, लाकूड, कोळसा एदोला जाई. मीठ, साखर, खत परत येई. एदोच्या रस्त्यांवर भाजून विकली जाणारी रताळी कावागोएची. आजही या रस्त्यावर रताळ्याचे काप, रताळ्याची मिठाई, रताळ्याचं आइस्क्रीम मिळतं.

आणि कापड! याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पोर्तुगीज आणि डच जहाजांनी भारताच्या किनाऱ्यांवरून जपानला बारीक पट्ट्यांचं कापड नेलं. कोरोमंडल किनाऱ्याचं सुती कापड तिथे अतिशय महाग आणि प्रतिष्ठेचं होतं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदराशी नाव जोडलेलं पट्टेदार रेशीमही जपानी दर्दी ओळखून होते. १८५९ साली योकोहामा बंदर उघडलं आणि यंत्रावर कातलेलं बारीक सूत तिथे उतरू लागलं. कावागोएच्या कापडव्यापाऱ्यांनी ते विकत घेतलं, आसपासच्या विणकरांकडून त्या भारतीय पट्ट्यांसारखं कापड विणून घेतलं आणि एदोच्या सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकलं. ते हातोहात खपलं.

एखाद्या दुकानात शिरलात तर आतवर नजर टाका. रस्त्याच्या बाजूला तोंड अरुंद आणि घर मागे लांबच लांब. पुढे दुकान, मग राहतं घर, मग मोकळं परसू, आणि त्याच्याही मागे कोठार. काही ठिकाणी माडीवर जाणारा जिना म्हणजे कप्प्यांचं कपाटच असतं, प्रत्येक पायरीच्या खाली एक खण. जागा वाया घालवणं व्यापाऱ्याला सोसवत नाही. परसाकडे मात्र नीट बघा, कारण ते पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

उजवीकडच्या गल्लीत तो घंटेचा मनोरा. सोळा मीटर उंच, तीन मजली, सगळा लाकडी. १८९३च्या आगीत जळाला आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. लोकांची स्वतःची घरं अजून पुरी झाली नव्हती, तरी घंटा आधी हवी होती! ती आजही दिवसातून चार वेळा वाजते: सकाळी सहा, दुपारी बारा, तीन, आणि संध्याकाळी सहा.

टोकियोच्या निहोनबाशीत ज्या दुकानांवरून ही घरं बेतली, ती कुठे आहेत? नाहीत. १९२३च्या भूकंपानं आणि त्यानंतरच्या वणव्यानं त्यांचा घास घेतला, उरलेली १९४५च्या बॉम्बफेकीत गेली. मूळ गेलं, नक्कल उरली. म्हणून आज टोकियोचा जुना व्यापारी रस्ता कसा होता हे बघायचं तर टोकियोच्या माणसाला कावागोएला यावं लागतं. त्या भूकंपात टोकियोचे गोळ्या-मिठाई करणारे कारखाने बंद पडले तेव्हा तो माल कावागोएनं पुरवला. इथल्या मिठाईच्या गल्लीत एके काळी सत्तरच्या आसपास दुकानं होती. वीसेक अजून आहेत, आणि शाळकरी पोरं तिथे मूठभर नाणी घेऊन उभी असतात.

आगीतून, भूकंपातून, युद्धातून वाचलेला हा रस्ता साध्या मंदीनं मात्र मरायला टेकला होता. रेल्वेची स्थानकं गावाच्या दक्षिणेला झाली, बाजार तिकडे सरकला. १९६०-७०च्या दशकांत इथलं गिऱ्हाईक आटलं. काहींनी घरं पाडली, काहींनी काळ्या भिंती पत्र्याच्या पाट्यांमागे झाकून टाकल्या. मागे उंच इमारती येऊ लागल्या. १९७१ साली ओसावांचं घर राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं, १९७५ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं एकेका वास्तूऐवजी सबंध वस्त्या जपायची सोय केली. आज देशात अशा सव्वाशेच्या आसपास वस्त्या आहेत. पण कावागोएनं त्या यादीत जायची घाई केली नाही. १९८३ साली दुकानदार, रहिवासी, वास्तुरचनाकार आणि नगरपालिकेची काही माणसं एकत्र आली आणि त्यांनी म्हटलं, दुकानं चालली तरच घरं टिकतील. आधी रस्ता जगवू.

मग त्यांनी आपापसात ६७ सूत्रं ठरवली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराच्या विचारांवरून सुचलेली ही सूत्रं ‘हे करू नका’ अशा धाटणीची नाहीत. घर आणि रस्ता, घर आणि शेजारी यांचं नातं कसं असावं हे ती सांगतात. आठवतं ते परसू? एक सूत्र त्याच्याबद्दल आहे. प्रत्येकानं आपल्या इमारतीची मागे जाणारी लांबी ठरल्या मापात ठेवली की सगळ्या शेजाऱ्यांची परसं एका ओळीत येतात, आणि प्रत्येक घराला ऊन-वारा मिळतो. एकानं हाव धरून मागे बांधकाम वाढवलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा उजेड जातो. नवं काही बांधायचं किंवा बदलायचं असेल तर मालक आपले आराखडे घेऊन शेजाऱ्यांच्या समितीपुढे बसतो, चर्चा होते. १९९२ साली विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि लोकांना पहिल्यांदाच सगळी छपरं आकाशाच्या पार्श्वभूमीवर अखंड दिसली. सरकारी संरक्षित वस्तीचा शिक्का आला तो १९९९ साली, सगळं काम उभं राहिल्यावर. याच रस्त्यावर १९१८ सालची हिरव्या घुमटाची, बँकेसाठी बांधलेली पाश्चात्त्य धाटणीची इमारतही आहे, आणि ती कुणी पाडली नाही. तीही या रस्त्याचीच.

तारा गेल्याचा सगळ्यात जास्त आनंद ऑक्टोबरमधल्या उत्सवाला झाला असावा. इथले रथ उंच असतात. त्यांचा वरचा मजला आणि त्यावरची बाहुली खालच्या मजल्यात उतरवून घेता येते. ही युक्ती एदोत निघाली, कारण तिथे रथांना किल्ल्याच्या दरवाज्यातून जावं लागे. टोकियोत तारा आणि ट्राम आल्यावर रस्त्यांवरचे मोठे रथ मागे पडले. कावागोएनं ते सांभाळले. दोन रथ चौकात समोरासमोर आले की दोन्हीकडचे वादक एकमेकांवर चढून वाजवतात. ज्याचा ताल बिघडेल तो हरला.

आता थोडी पायपीट उरली असेल तर गावाच्या आग्नेयेला किता-इन देवळात जा. १६३८च्या त्या पहिल्या आगीत हे देऊळ जवळपास सगळं गेलं. तिसरा शोगुन इएमित्सु याचा इथे जीव होता. त्यानं एदोच्या किल्ल्यातल्या आपल्या महालाचे काही भाग सुटे करून इथे पाठवले आणि देवळाला जोडून दिले. इएमित्सु ज्या खोलीत जन्मला असं मानतात तीही त्यांत आहे. एकोणीस वर्षांनी, १६५७ साली, एदोचा किल्लाच पेटला आणि तिथले महाल गेले. त्या जुन्या महालांपैकी आज जे उरलंय ते फक्त इथे, कावागोएत. आणि ते उरलंय कारण हे देऊळ आधी जळालं होतं. तिकीट काढून, पायांतले बूट काढून कुणालाही त्या खोल्यांमधून फिरता येतं.